न वाळणारी ओल

१

जावई म्हणून बाई गप्प बसत होत्या, नाहीतर तलावाच्या काठावर बूट घालून हिंडणाऱ्या माणसाला त्यांनी केव्हाच बुटांसकट पाण्यात लोटलं असतं. या फरशीवर पोरं अनवाणी चालतात, हे त्याला किती वेळा सांगून झालं. "हो आई, लक्षातच राहत नाही बघा," म्हणून तो गोड हसायचा आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटचे ठसे उमटवत पुन्हा हजर. माणूस बांधकामाचा ठेकेदार. दुसरीकडे कुठे वीट बोटभर सरकली तर गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. सासूच्या दारात आला की मात्र त्याची स्मरणशक्ती पातळ व्हायची.

त्या सकाळीही तो काठावरच होता, कानाला फोन लावून. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि कठड्याला धरून पाण्यात उतरल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाण्याला शिवायचं नाही म्हणून बजावलं होतं, ती बंदी कालच उठली होती. इतके दिवस काळ्या चष्म्याआड बसून बाईंचा जीव आंबून गेला होता. हा तलाव त्यांच्या नवऱ्याने बांधला आणि त्यांनी चालवला. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं, पण आसपासच्या निम्म्या लोकांना हातपाय मारायला त्यांनीच शिकवलं. जमिनीवर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पोहण्याचा वर्ग त्यांनी धाकट्या सुनेच्या हाती दिला. पाण्यात त्या अजूनही कोणाला ऐकत नव्हत्या.

पूर्वी या तलावात पावडर पडायची. डोळे लाल, केस झाडूसारखे, अंगाला दवाखान्याचा वास. मग मिठाचं यंत्र बसवलं. पाण्यात मीठ टाकायचं, पाणी यंत्रातून फिरायचं, आणि जंतू मारायचं औषध यंत्र त्या मिठातूनच काढायचं. मीठ तरी किती, समुद्राच्या मानाने काहीच नाही. चुकून घोट गेला तर रडताना ओठावर ओघळ यावा, एवढंच खारट. पण पाण्याचा स्पर्श पार बदलला होता. बोटावर बोट घासलं तर मऊ, निसरडं लागायचं. बाहेर आल्यावर कातडी ओढायची नाही.

बाईंनी डोकं बुडवलं, चार हात मारले आणि थांबल्या. पाणी अंगावरून सरकत नव्हतं, अडत होतं. बोटं चोळली तर खरखरीत. तळाच्या फरश्या दुधातून दिसाव्यात तशा. आणि डोळा आत्ताच दुरुस्त होऊन आलेला, त्याच्यावर ढकलायचीही सोय नाही. त्यांनी घोटभर पाणी तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि काठाच्या पन्हळीत थुंकलं.

खारट होतं. पण मागून, घशाच्या बाजूला, कडू.

"अगं," त्या काठावरच्या धाकटीला म्हणाल्या, "माझ्या तलावात काय कालवलंय?"

धाकटीने मान खाली घातली. तिच्याकडे नीट पाहिलं तेव्हा बाईंना कळलं, ती रडून आलेली होती.

२

"मी आईकडून परत आले तेव्हापासून असंच आहे," धाकटी पुसट आवाजात म्हणाली. तिची आई आजारी होती म्हणून ती माहेरी गेली होती. तेवढे दिवस वर्ग बंद, तलाव बंद. "पोरांच्या अंगाला खाज सुटते. पाणी कडू लागतं म्हणतात. कालपासून निम्मी मुलं यायची थांबलीत. आणि आई, मीटर तर मीठ बरोबर दाखवतोय. मी रोज बघते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या डोळ्याला ताण नको म्हणून."

"डोळ्याने ऐकत नाही मी."

तेवढ्यात जावयाचा फोन संपला. "आई, मी बोलणार नव्हतो," त्याने सुरुवात केली.

"मग नका बोलू."

तो बोललाच. "पालक मला फोन करतात हो. मीटर म्हणतो मीठ पुरेसं आहे. म्हणजे मीठ आहे, पण हलकं आहे. मीठ आणतं कोण? कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला असते? मी काही म्हणत नाही, तुम्हीच जोडा. आज संध्याकाळी सगळे नवी खोली बघायला येणार आहेत. तेव्हाच सांगून टाकू, उद्यापासून तलावावर माझा माणूस. वहिनींनी घरात लक्ष द्यावं."

नवी खोली म्हणजे तलावामागे त्यानेच बांधलेली, पोरांना कपडे बदलायला आणि पाण्यात उतरण्याआधी व्यायामाला. वर पक्का स्लॅब. आज तिची रिबीन कापायची होती.

"पाणी बदललंय," बाई म्हणाल्या. "नुसतं हलक्या मिठाचं हे काम नाही."

"ऑपरेशननंतर चव जाते आई, माणसाची. वयही झालं आता."

"ऑपरेशन डोळ्याचं झालं. जीभ जुनीच आहे, आणि तिची धारही."

जावई हसत निघून गेला. धाकटी मात्र तिथेच फरशीवर बसली. तिचा नवरा परगावी नोकरीला, मूलबाळ नाही. या घरात तिचं म्हणावं असं काही असेल तर हा वर्ग. "आई, माझ्यावर हा डाग ठेवून वर्ग काढून घेतला, तर मी इथे राहणार नाही," ती म्हणाली. "रागाने नाही सांगत. मला राहताच येणार नाही."

बाईंनी ओला हात पुढे केला. "कोठीची किल्ली दे. आणि पंपवाल्याला बोलाव. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे."

३

बाईंचा पहिला संशय पंपवाल्यावर होता. यंत्राची देखभाल त्याच्याकडे, आणि माणूस असा की घरातल्या कोणापेक्षा पंपांविषयी जास्त हळवा.

"कुठलं मीठ टाकलंस रे माझ्या पाण्यात?"

"बाई, मला किल्ली कोण देतंय? मी इथे येतो, पंपाची विचारपूस करतो, जातो." तो चांगलाच दुखावला होता. बोलता बोलता त्याने यंत्राचं झाकण काढलं आणि बाईंना हाताने जवळ बोलावलं. आतल्या धातूच्या पट्ट्या पांढऱ्या कवचाने भरून गेल्या होत्या, जुन्या किटलीच्या तळासारख्या. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. "हा चुना आहे. मागे मी या पट्ट्या पुसल्या तेव्हा यात तोंड दिसत होतं. मिठाच्या पाण्याने इतका थर बसत नाही, बाई. यात काहीतरी चुन्याच्या जातीचं पडलंय."

त्याचा चेहरा बघून बाईंनी त्याच्यावरचा संशय काढून घेतला. चोर असा हळहळत नाही.

मग दोघं कोठीत गेले. मिठाच्या गोण्या एकावर एक, शिवण न उसवलेली. बाईंनी एक उसवली, दाणा जिभेवर ठेवला. स्वच्छ खारट. कडूपणाचा मागमूस नाही.

त्या गोणीवरच बसल्या. "मला एक सांग. उन्हाने मीठ उडतं?"

"नाही. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं."

"मग तलावातलं मीठ कमी कधी होतं?"

"पाणीच बाहेर गेलं तर. आणि त्याच्या जागी नळाचं आलं तर. तसं झालं तर मीटर बोंब मारतो."

"आपला का नाही मारत?"

"मीटरला कुठे जीभ असते बाई? पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच तो बघतो. मीठ टाका नाहीतर मिठाच्या जातीचं दुसरं काही टाका, त्याला सगळं सारखं."

बाई गोणीतले दाणे बोटाने फिरवत राहिल्या. गोष्ट हळूहळू आकाराला येत होती. कोणीतरी तलावातलं पुष्कळ पाणी उपसलं. मग नळाचं गोडं पाणी भरलं. मीठ कमी पडलं, ते मीटरवर दिसू नये म्हणून दुसरंच काहीतरी ओतलं. हे धाकटीने केलं असतं तर तिने दुसरं कशाला शोधलं असतं? किल्ली तिच्या कमरेला, मीठ हाताशी. चार गोण्या रिकाम्या केल्या असत्या आणि कोणाला पत्ता लागला नसता. म्हणजे ज्याने केलं त्याच्याकडे ही किल्ली नव्हती. आणि तो पाण्यात उतरणारा नव्हता. उतरणारा असता तर मीटर गप्प बसवून तो निर्धास्त झाला नसता, त्याला अंगानेच कळलं असतं.

पंपवाला तोवर बाहेर पडला होता, तिथून त्याची हाक आली. "बाई, इथे पाणी कोणी सांडलं?"

ऊन रणरणत होतं. सकाळी बाई बाहेर आल्यापासून पाण्यात कोणी उतरलं नव्हतं, काठ ठणठणीत कोरडा होता. फक्त खोल पाण्याच्या टोकाला एक फरशी ओली होती.

४

बाईंनी फडक्याने ती फरशी खसाखसा पुसली, कोरडी केली, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर राखण करत बसल्या. पंपवाल्याला वाटलं, बाईंना ऊन लागलं. पण थोड्या वेळात फरशीवर पुन्हा तेलकट चमक आली. सांध्यातल्या भेगेतून ओल वर चढत होती. वरून थेंब नाही, खालून गळती नाही. भेगेत अडकलेलं काहीतरी हवेतलं पाणी ओढून पीत होतं.

त्यांनी बोट लावून चाखलं. तोच कडूपणा, पण दहा पटीने.

म्हणजे ते जे काही होतं ते इथून, या टोकाला, ओतलं गेलं होतं. ओतताना थोडं सांडलं आणि भेगेत बसलं. बाई काठी टेकत उठल्या आणि तिथूनच पुढे बघू लागल्या. आता गेलेलं पाणी शोधायचं होतं. फरशी संपते तिथे गवत सुरू होतं, आणि हिरव्या गवतात ठिकठिकाणी जळके डाग होते, एका ओळीत, जणू कोणी लांबलचक पाइप टाकला होता आणि तो सांध्यासांध्यातून ठिबकत होता. खारं पाणी गवताला सोसत नाही, हे बाईंना माहीत होतं. म्हणून तर तलाव धुताना त्या पाणी नेहमी गटारात सोडायला लावत. ओळ मात्र गटाराकडे जात नव्हती.

"आई, उन्हात काय करतेस?" त्यांची लेक, म्हणजे ठेकेदाराची बायको, लगबगीने आली. "हे सांगत होते, तू वहिनीची बाजू घेऊन सगळ्यांना उलटसुलट विचारतेयस."

"तुला विचारू का? माझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा दुपारभर पंप चालायचा. मी विचारलं तर जावई म्हणाले, गाळ काढतोय. कसला गाळ?"

"मला काय माहीत? तुला ह्यांचं काही चांगलं दिसतच नाही." लेकीचा आवाज चढला. "तुझ्या त्या खोलीसाठी किती राबले ते. नळाची लाइन फुटली होती, तेवढे दिवस इथे पाण्याचा थेंब नव्हता, टँकर मिळत नव्हते. दुसऱ्या कोणी काम पुढे ढकललं असतं. ह्यांनी ठरल्या दिवशी स्लॅब टाकला. त्याचं कौतुक राहिलं बाजूला."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. पोर नवऱ्याची बाजू घ्यायला आली होती, आणि काय बोलून गेली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"स्लॅब पाण्याशिवाय पडतो का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

लेकीच्या तोंडाचा रंग उडाला.

५

जळक्या डागांची ओळ नव्या खोलीच्या मागच्या भिंतीशी जाऊन थांबली. खोलीला कालच रंग मारला होता. दाराला रिबीन, आत खुर्च्या, हवेत ओल्या रंगाचा वास. दिसायला सगळं कसं लखलखीत.

बाईंनी दाराचं पान पुढे ओढलं. त्यामागे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता. तिथल्या सिमेंटवर पांढरा पिसारा फुलला होता, बारीक, मऊ, बोट लावलं की भुरभुरणारा. त्यांनी बोट लावलं. मग समाधान झालं नाही म्हणून भिंतीला सरळ जीभच लावली.

"बाई," पंपवाला घाबरून म्हणाला, "चहा सांगू का? भिंत कशाला चाटताय?"

"थांब जरा. डोकं नको खाऊ." बाईंनी थुंकून पुन्हा चाखलं. खारट. साधं, सरळ, ओळखीचं खारट, रडताना ओठावर यावं तसं. त्यात कडू काही नव्हतं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जावयाचं सामान होतं. घमेली, फावडी, आणि कोपऱ्यात एक झाकणाचं निळं पिंप. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आत पांढऱ्या चकत्या एकमेकींना चिकटून लगदा झालेल्या, आणि पिंपाच्या बुडाशी जमीन ओली.

"हे काय असतं?"

"थंडीत सिमेंट लवकर धरावं म्हणून घालतात, बाई. चुन्याचंच भावंड. उघडं ठेवलं की हवेतलं पाणी ओढतं." पंपवाल्याने त्यातल्या मूठभर कोरड्या चकत्या उचलून बादलीच्या बुडाशी उरलेल्या पाण्यात टाकल्या. बाईंनी पाण्यात हात घातला. पाणी कोमट झालं होतं. बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. फरशीच्या भेगेतली चव हीच.

दोन चवी, दोन जागा. भिंतीत एक, पिंपात दुसरी.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. पालक यायला लागले होते, पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. नव्या खोलीत परत आल्यावर पंपवाल्याने मान वर करून डोक्यावरच्या स्लॅबकडे पाहिलं, आणि तडक दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

६

रिबिनीसमोर बाईंनी खुर्ची टाकली आणि दार अडवून बसल्या.

"आई, बाजूला व्हा," जावई हसत, पण दातांमधून म्हणाला. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. आकाशाखाली उभं राहून कोणी मरत नाही."

पालक जवळ सरकले. धाकटी मागे, भिंतीला टेकून, जायची तयारी केल्यासारखी उभी होती. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि आपल्या खुर्चीशेजारी उभं केलं.

"तुमच्या पोरांना खाज सुटली त्याचं कारण सांगते," त्या पालकांना म्हणाल्या. "हिचं मीठ चांगलं आहे. गोण्या उघडून देते, चाखून बघा. नळ बंद होता तेव्हा तलावातलं पाणी उपसून या खोलीत घातलं गेलं. नळ आला तेव्हा तलाव पुन्हा भरला. मीठ कमी पडलं ते मीटरवर दिसू नये म्हणून शेडमधल्या पिंपातला क्षार ओतला. तो ओतताना सांडला, तो अजून फरशीच्या भेगेत ओला बसलाय. जाऊन बघा."

"आई, तुम्हाला बांधकामातलं काय कळतं?" जावयाचा आवाज अजून गोड होता. "भिंतीवर पांढरं दिसतंय म्हणून बोलताय ना? सिमेंट लवकर धरावं म्हणून आम्ही तोच क्षार घालतो. तो फुटून वर येतो. कुठल्याही नव्या भिंतीवर दिसेल."

त्याला वाटलं, सुटलो. दोन-तीन बापांनी माना डोलावल्या.

"पिंपातला मी चाखलाय," बाई म्हणाल्या. "कडू जहर आहे. तो या भिंतीत असता तर भिंत कडू लागली असती. भिंत नुसती खारट आहे. तुमच्या क्षाराचा कडूपणा सगळा माझ्या तलावात आहे आणि माझ्या तलावाचं मीठ सगळं तुमच्या भिंतीत आहे. कोणाला खोटं वाटत असेल त्याने दारामागे जीभ लावावी, मी लावून आले."

कोणी पुढे आलं नाही. एका आईने आपल्या मुलीला खिडकीपासून ओढून जवळ घेतलं.

"आई, घरातली गोष्ट घरात बोलू," लेक काकुळतीला येऊन म्हणाली.

"हे छप्पर घरातल्यांच्या डोक्यावर पडायचं असतं तर घरात बोलले असते."

जावई खाली बघत होता. हसू आता उतरलं होतं. "गवंडी उभे होते, मिक्सर भाड्याचा उभा होता," तो पुटपुटला. "तारीख सगळ्यांना सांगून बसलो होतो. मला वाटलं, इतकं कमी खारट पाणी, लागतं तरी का जिभेला. काय होणार आहे?"

"तुम्हाला ठाऊक होतं काय होणार ते. दुसऱ्या ठेकेदारांना नावं ठेवताना तुम्हीच सांगता, खारं पाणी आतल्या सळ्या कुरतडतं, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस छप्पर खाली येतं. नसतं ठाऊक तर पाणी उघड भरलं असतंत आणि धाकटीकडे मिठाची किल्ली मागितली असतीत. किल्ली मागितली नाहीत, कारण ती विचारणार होती, पाणी कुठे गेलं. मग तिच्याच माथी मारलंत, म्हणजे विचारणारंच कोणी उरायला नको."

त्याने रिबीन कापायची कात्री खिशात घातली. मागच्या रांगेतून कोणीतरी धाकटीला विचारलं, "मॅडम, पाणी बदललं की वर्ग सुरू करणार ना?" धाकटीने आधी सासूकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं. मग ती स्वतःच म्हणाली, "करणार."

बाई खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं जावयाशी बोलताना त्या नजर थोडी खाली ठेवत आल्या होत्या. आज सरळ त्याच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"ऐका जावईबापू. मी तुम्हाला लेक दिलीय, तुमचं ताट या घरात वेगळं होणार नाही. पण उद्या उजाडलं की हा स्लॅब उतरवायचा, आणि पहिला घाव तुम्ही घालायचा, गवंड्याने नाही. पुन्हा बांधाल तेव्हा धाकटीने पाणी चाखून हो म्हटल्याशिवाय एक घमेलं हलणार नाही. आणि नवं छप्पर झालं की एक अख्खं वर्ष त्याच्याखाली तुम्ही झोपायचं. पोरं त्यानंतर."